मोटर सोबतीला, पाय कामाला

'सायकल हे गरिबांचे वाहन आहे' हे वाक्य शाळेच्या निबंधात लिहिले नाही असा विद्यार्थी सापडणे कठीण. या वाक्याला गुण मिळतात म्हणून आपण ते लिहितो आणि अकरावीत गेल्यावर घरी मोटारसायकलचा हट्ट धरतो. आपल्या महाविद्यालयाच्या फाटकाशी 'सायकल स्टँड' अशी पाटी अजून आहे, पण तिच्याखाली रांगेने उभ्या असतात त्या मोटारसायकली. सायकली बिचाऱ्या मागच्या भिंतीला टेकलेल्या. ज्यांना मोटारसायकल परवडते त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. परंतु ज्यांना ती परवडत नाही आणि ज्यांची गावे दहा-बारा किलोमीटर लांब आहेत त्यांनी काय करावे? या प्रश्नाचे एक लहानसे, घरी करता येण्याजोगे उत्तर मला या लेखात मांडावयाचे आहे. ते उत्तर म्हणजे पायडल मारल्यावर मदत करणारी विजेची सायकल. तयार विकत घेतलेली नव्हे, आपल्याच जुन्या सायकलवर आपणच जोडलेली.

प्रथम गरज सांगते. माझे गाव येथून अकरा किलोमीटर. मधे खिंड आहे आणि खिंडीचा चढ सुमारे दोन किलोमीटरचा. सकाळी बस आहे, संध्याकाळी साडेचारला परतीची बस आहे. यात बसचा दोष नाही. एका बसने किती गावांच्या वेळा सांभाळाव्यात? परंतु ग्रंथालय पाचपर्यंत उघडे असते, राष्ट्रीय सेवा योजनेचे काम चारनंतर सुरू होते आणि वक्तृत्वाचा सरावही त्याच वेळी. म्हणजे महाविद्यालयाचा जो भाग तासांच्या बाहेर असतो, आणि खरे शिक्षण पुष्कळदा तेथेच असते, तो बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना बंद. माझ्या गावातील एक मैत्रीण माझ्याबरोबर प्रथम वर्षाला होती. तिचे गुण माझ्यापेक्षा चांगले होते. येण्याजाण्याची सोय नीट लागेना म्हणून तिने दुसऱ्या सत्रात शिक्षण सोडले. आमच्या दोघींच्याही घरात महाविद्यालयाची पायरी चढलेले याआधी कोणी नव्हते. अशा घरातून एक मुलगी परत फिरली की तिच्या मागच्या चार मुलींचा रस्ता बंद होतो. म्हणून या विषयाला मी छंद म्हणत नाही.

"मग साधी सायकल आहे की!" असे कोणी म्हणेल. तो हिशेबच आपण करू. नववीच्या विज्ञानात 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा आपण सर्वांनीच पाठ केला आहे. तेवढे येथे पुरेसे आहे. मी, माझी काळी सायकल, दप्तर आणि नंतर बसवावयाची मोटर-बॅटरी मिळून वजन साधारण ८५ किलो धरू. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेगाने जाताना चाकांचे घर्षण आणि वारा यांच्याविरुद्ध सुमारे ६० वॅट लागतात. सराव नसलेला सर्वसाधारण माणूस बराच वेळ ७५ ते १०० वॅट देऊ शकतो. म्हणजे सपाटीवर आपण आपले समर्थ आहोत. आता खिंड घ्या. शंभर मीटरला पाच मीटर असा चढ आणि वेग ताशी १२ किलोमीटर धरला, तर हीच गरज सुमारे १७५ वॅटवर जाते. पाय शंभर देतात, रस्ता पावणेदोनशे मागतो. उरलेले पंचाहत्तर वॅट नसल्यामुळे माणूस खाली उतरतो, सायकल हाताने ढकलतो आणि पहिल्या तासाला घामाघूम होऊन उशिरा पोहोचतो. आठवड्याने तो सायकल सोडतो, महिन्याने तास सोडू लागतो.

सगळा प्रश्न एवढ्या पंचाहत्तर-शंभर वॅटचा आहे. जुन्या पिवळ्या दिव्याचा एक गोळा तेवढीच वीज खात असे. आपल्या कामाला किती जोर हवा हे असे आधी मांडून पाहिले म्हणजे केवढी मोटर घ्यावयाची याचे उत्तर आपोआप मिळते. माझ्या मते घरगुती सायकलची रचना येथून सुरू झाली पाहिजे. आपल्याकडे मात्र ती उलट बाजूने सुरू होते. कोणीतरी सांगतो की अमुक ठिकाणी हजार वॅटची मोटर मिळते, आणि पोरे ती आणून काकांच्या सायकलला ठोकतात.

सायकलला मोटर लावण्याची कल्पना नवी नाही. १८९५ साली अमेरिकेत ऑग्डन बोल्टन यांनी मागच्या चाकाच्या मध्यभागी मोटर बसविलेल्या सायकलचे पेटंट घेतले. आज बाजारात जिला हब मोटर म्हणतात तिची जागा तीच आहे. परंतु पायडलवर पडणारा जोर ओळखून त्या प्रमाणात मदत देणारी सायकल जपानच्या यामाहा कंपनीने विक्रीस आणली ती १९९३ साली. या दोन घटनांत जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे. मला या अंतराचा अर्थ असा वाटतो की चाक फिरविणे माणसाला लवकर जमले; मदत केव्हा करावी आणि केव्हा गप्प बसावे हे यंत्राला शिकविणे अधिक अवघड गेले. (हे पुष्कळ माणसांनाही अद्याप जमलेले नाही!)

आपल्या ऐपतीत मिळणारी जोडणी साधी असते. पायडलच्या आसाभोवती लहान चुंबकांची एक चकती बसते आणि तिच्याशेजारी सांगाड्याला एक सेन्सर. पायडल फिरू लागले की चुंबक सेन्सरसमोरून जातात, त्याची खूण कंट्रोलर नावाच्या डबीला मिळते आणि ती डबी बॅटरीतील वीज मोटरला सोडते. पाय थांबले की मोटर थांबते. हा स्वस्त सेन्सर पायडल फिरते आहे एवढेच ओळखतो, जोर किती आहे हे ओळखत नाही. त्यामुळे मदत किंचित उशिरा सुरू होते आणि पाय थांबल्यावर क्षणभर चालू राहते. गर्दीत हा एक क्षण महागात पडू शकतो. म्हणून ब्रेकच्या मुठीत असा स्विच हवा की ब्रेक दाबताच मोटरची वीज तुटेल. हा स्विच ऐच्छिक आहे असे विकणारे सांगतात. मी तो सक्तीचा मानते.

गेल्या उन्हाळ्यात आयटीआयला वायरमन झालेला माझा दादा, मी आणि येथील सायकल दुकानातले चाचा अशा तिघांनी मिळून एक सायकल जोडली. हिशेब माझा, वायरिंग दादाचे आणि चाक चाचांचे, अशी वाटणी होती. त्या कामात एक गोष्ट मला पटली. पुस्तकातली माहिती जेथे संपते तेथून कारागिराची माहिती सुरू होते. आपल्या जुन्या काळ्या सायकलच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० स्पोक असतात. हब मोटरला बहुधा ३६ भोके असतात. म्हणजे जुनी रिम चालत नाही, ३६ भोकांची रिम घेऊन चाक नव्याने बांधावे लागते आणि त्याचा आऊट काढावा लागतो. हे काम कोणत्याही पदवीने येत नाही. चाचा डोळे बारीक करून, रिमला नख लावून ते करतात. "बेटी, मोटर कुणीबी आणंल, चाक बांधायला माणूस लागतो," असे ते म्हणाले, ते अगदी खरे.

दुसरी गोष्ट आसाची. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तिचा आस तेवढ्याच जोराने उलटा फिरू पाहतो. नुसत्या नटाच्या भरवशावर तो ठेवला तर एखाद्या दिवशी चिमट्याच्या खाचेतून आस सुटतो, वायरी पिळवटून तुटतात आणि चाक निखळते. म्हणून आसाच्या सपाट भागाला घट्ट बसणारी पोलादी पट्टी चिमट्याला जखडावी लागते. लोहाराकडे ती एका दुपारी होते. तिसरी गोष्ट ब्रेकची. आपल्या सायकलचे सळईचे ब्रेक आणि चकचकीत लोखंडी रिम पावसात एकमेकांना धरत नाहीत, हे आषाढात उतारावरून आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मोटर बसविण्याआधी चांगल्या रिमवर चांगले ब्रेक बसवावेत. पैसे कमी पडत असतील तर मोटर पुढच्या वर्षी घ्यावी, ब्रेक याच वर्षी घ्यावेत.

आता बॅटरी. खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग हिच्यावर जातो. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर अशी बॅटरी घेतली तर गुणाकार करून ३६० वॅट-अवर ऊर्जा मिळते. आपण पायडल मारीत असू तर मोटरला किलोमीटरला सरासरी सात वॅट-अवर पुरतात; म्हणजे जाऊन येऊन बावीस किलोमीटरला सुमारे दीडशे. अर्ध्याहून अधिक बॅटरी शिल्लक राहते. ती पूर्ण भरावयाची म्हटली तरी अर्धे युनिट वीज लागत नाही. स्कूटरला याच अंतरासाठी अर्धा लिटर पेट्रोल लागते आणि पेट्रोलने लिटरला शंभरी केव्हाच ओलांडली आहे. शिशाच्या बॅटऱ्या स्वस्त असतात, पण एवढ्याच कामाला त्या दहा-बारा किलो भरतात आणि वारंवार तळापर्यंत रिकाम्या केल्या तर लवकर मरतात. लिथियमची बॅटरी तीन किलोच्या आत येते.

परंतु येथे मी स्पष्ट सांगते की 'घरगुती' या शब्दाची हद्द बॅटरीच्या डब्यापाशी संपते. जुन्या लॅपटॉपमधील सेल काढून त्यांना कथिलाचे टाके मारून बॅटरी बनविणारे उत्साही तरुण आहेत. हे धाडस करू नये. लिथियम सेलमध्ये थोड्या जागेत पुष्कळ ऊर्जा असते. एक सेल आतून बिघडून तापला की शेजारच्याला तापवितो आणि ती आग पाण्याच्या एका बादलीने विझत नाही. सेल जास्त भरू न देणारे, फार रिकामे होऊ न देणारे संरक्षक सर्किट असलेली तयार बॅटरी, तिच्यासाठीच असलेला चार्जर आणि बॅटरीला लागून एक फ्यूज, एवढे बाजारातून घ्यावेच. रात्री सगळे झोपलेले असताना, अंथरुणाजवळ किंवा बाहेर पडण्याच्या एकमेव दारात ती चार्जिंगला लावू नये. एका खोलीच्या घरात राहणाऱ्यांनी हा नियम अधिक कडक पाळावयाचा आहे.

गावात हमखास विचारला जाणारा एक प्रश्न असा : "चाकाला डायनॅमो लावा, बॅटरी आपोआप भरत राहील, चार्जिंग कशाला?" आमच्या अण्णांनीही हेच विचारले. याचे उत्तर त्यांच्याच पायांना माहीत होते. पूर्वी अंधार पडल्यावर टायरला डायनॅमो टेकविला की सायकल जड व्हायची. ती का जड व्हायची? दिव्याचा उजेड पायातून निघत होता म्हणून. बॅटरीने मोटर फिरवावयाची, मोटरने चाक, चाकाने डायनॅमो आणि डायनॅमोने पुन्हा बॅटरी, या फेऱ्यात प्रत्येक ठिकाणी थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. चार हातांतून फिरून आलेला रुपया पुन्हा पूर्ण रुपया राहत नाही, असे मी अण्णांना सांगितले. बाजार समितीत माल विकणाऱ्या माणसाला हे लगेच पटले.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या मुद्द्याकडे येते. मोटर लहानच का असावी? मोठी बसविण्याचा मोह सर्वांना होतो. पायडलची अट काढून टाकून नुसत्या मुठीने गाडी पळविण्याचाही होतो. प्रथम कायदा पाहू. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीवरील वाहनाची जी व्याख्या नंतर घालण्यात आली तिच्यानुसार, मोटरची अर्धा तास देता येणारी शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, मदत ताशी २५ किलोमीटरला किंवा पाय थांबताच बंद होणारी, बॅटरीखेरीज वजन ६० किलोच्या आत, योग्य ब्रेक आणि प्रकाश परतविणाऱ्या पट्ट्या असतील, तर ती सायकल मोटार वाहन समजली जात नाही. मात्र या अटी नेमलेल्या चाचणी संस्थेने पडताळलेल्या असाव्यात असेही तो नियम म्हणतो. घरी जोडलेली एकेक सायकल एवढ्या लांब कोण नेणार? माझे मत असे आहे की यासाठी तालुक्याच्या ठिकाणी, शासकीय तंत्रनिकेतनात किंवा आयटीआयमध्ये, वर्षातून दोनदा तपासणीची सोय झाली पाहिजे. तोपर्यंत निदान मर्यादा तरी आपण स्वतःहून पाळल्या पाहिजेत. हजार वॅटची मोटर लावून 'ही तर सायकलच' असे म्हणणारा मनुष्य उद्या अपघात झाल्यावर आपल्या सर्वांच्या सायकली बंद करून ठेवील.

कायदा बाजूला ठेवला तरी यंत्राचे स्वतःचे म्हणणे आहेच. वेग दुप्पट झाला की थांबावयास लागणारे अंतर चौपट होते. आपल्या सायकलचा सांगाडा, चिमटा आणि ब्रेक माणसाच्या पायांचा वेग धरून बनविलेले आहेत. त्यांच्यावर मोटारसायकलचा वेग लादणे म्हणजे बैलगाडीच्या जुवाला ट्रॅक्टर बांधणे होय. शिवाय मोटर सगळेच काम करू लागली की बॅटरी मोठी लागते, बॅटरी मोठी की किंमत मोठी, आणि अखेर गरिबाची सायकल पुन्हा गरिबाच्या हातातून जाते. पाय चालू राहतात म्हणूनच ही सायकल स्वस्त राहते. आणि एखाद्या दिवशी वीज गेली, बॅटरी उतरली, तरी ती आपल्याला घरी आणते.

"हे काम विज्ञान शाखेचे; कला शाखेच्या मुलीने यात का पडावे?" असे मला दोघातिघांनी विचारले. त्यांना मी लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण करून देते. ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. त्यांनी १८८८ साली बेळगावात जो उद्योग सुरू केला तो सायकलच्या दुकानाचा होता, आणि पुढे त्यातूनच लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. कलाशाखा आणि कारखाना यांच्यामधली भिंत आपण आपल्या मनाने बांधलेली आहे. कोणाला कोठे जावयाचे आहे, रस्ता कसा आहे, मुलीने सातला घरी यावयाचे तर दिवा किती लांब दिसला पाहिजे, घरात पैसा किती आहे, हे प्रश्न भूगोलाचे, अर्थशास्त्राचे आणि समाजशास्त्राचे आहेत. सायकलची रचना आधी या प्रश्नांनी होते, पान्याने मागाहून.

आपल्या महाविद्यालयाला मी दोन सूचना करू इच्छिते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका' या विचाराने शिकलेल्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. आपल्या येथील योजनेत बाग आणि ग्रंथालय यांच्या जोडीला सायकल दुरुस्तीचा एक तास ठेवावा आणि तो शिकविण्यासाठी गावातील सायकल कारागिराला मानधन देऊन सन्मानाने बोलवावे. दुसरी सूचना त्याहून स्वस्त आहे. स्टँडच्या छपराखालची पुढची जागा सायकलींना द्यावी. बॅटरीला पाऊस आणि ऊन दोन्ही सोसत नाहीत. विजेचा खर्च आम्ही मागत नाही, घरची अर्धी बॅटरी आम्हाला पुरते.

आमच्या सायकलला सर्व मिळून सुमारे अठरा हजार रुपये लागले. ही रक्कम लहान नाही. आमच्या घरी ती कांद्याच्या पट्टीतून आणि दादाच्या दोन महिन्यांच्या कामातून उभी राहिली. परंतु तीन वर्षांच्या शिक्षणावर ती वाटली आणि पुढे ती सायकल धाकट्या बहिणीकडे जाणार हे धरले, तर मला ती महाग वाटत नाही. मी आता ग्रंथालय बंद होईपर्यंत बसते. ज्या मैत्रिणीचा उल्लेख वर केला तिच्यासाठी दुसरी सायकल जोडावयाची असे आम्ही ठरविले आहे. चाचांनी एक जुना सांगाडा बाजूला काढून ठेवला आहे आणि पुढील जूनमध्ये पुन्हा प्रवेश घेण्यास तिच्या घरचे तयार झाले आहेत.

मित्रहो, पहिल्या पिढीत शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना मदतीची लाज वाटू नये आणि मदतीची सवयही लागू नये. शिष्यवृत्ती असो, शिक्षकांचा आधार असो की सायकलची मोटर, चढावर तिने हात द्यावा, सपाटीवर गप्प राहावे. ज्यांच्या वाटेत खिंड आहे त्यांनी या सुटीत आमच्याकडे यावे. हिशेबाची वही मी देईन, पाना चाचा देतील. पायडल मात्र ज्याचे त्याने मारावयाचे.

— द्वितीय वर्ष, कला